नमुना घ्यायला बाटली तरी आणा

संपादक महोदय,

कालच्या अग्रलेखात आपण प्रदूषित जमिनींची सफाई चालते तिथे तपासणीसाठी सरकारी यंत्रणेला जादा अधिकार द्या, अशी मागणी केलीत. हेतूबद्दल शंका नाही. पण असलेले अधिकार कुठे गंजत पडलेत, तेही लिहायचे होते. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ सालचा. कलम १० प्रमाणे अधिकारी आत शिरू शकतो, कलम ११ प्रमाणे हवा, पाणी, मातीचा नमुना घेऊ शकतो. नोटीस द्यायची ती तिथल्या तिथे. आदल्या दिवशी फोन करून 'उद्या येतो हां' असे कळवायला कुठलेही कलम सांगत नाही.

आमच्या शेजारच्या बंद कारखान्याच्या आवारातली तेलकट माती ठेकेदार उपसत होता, तेव्हा तसाच फोन गेला असावा. एरवी उघडे पडलेले ढिगारे त्या सकाळी कोऱ्या ताडपत्रीखाली, टिपर गायब, फाटकाशी पाणी मारलेले. साहेब आले, ठेकेदाराकडे चहा प्याले, मग कुंपणाला लागून असलेल्या आमच्या विहिरीकडे वळले आणि आमच्या घरच्यांना म्हणाले, "वहिनी, एखादी रिकामी बाटली मिळेल काय?" घरात होती ती खोबरेल तेलाची. साबणाने धुऊन दिली. पाण्यात तेल आहे का ते बघायला खोबरेलाची बाटली! आता अहवालात तेल सापडलेच, तर ते कारखान्याचे की आमच्या सौ.च्या वेणीचे?

तेलाच्या तपासणीचे पाणी काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यायचे, धातूंसाठी वेगळी बाटली आणि त्यात आम्ल, आणि सगळे बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत न्यायचे. आमची बाटली मे महिन्याच्या उन्हात जीपच्या मागच्या सीटवर लोळत गेली. सील नाही, सही नाही. विहीर माझी, म्हणजे सही माझी हवी होती. कलम ११ मध्येच लिहिले आहे की ही सील-सहीची रीत पाळली नाही तर पृथक्करणाचा निकाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे तपासणी झाली आणि ठेकेदार सुरक्षितही राहिला. याला कार्यक्षमताच म्हणायची! अहवाल मागायला गेलो, तर तो 'वर पाठवला आहे'. वर म्हणजे कुठे, देवाक ठाऊक.

२०२५ साली केंद्राने प्रदूषित जागांसाठी वेगळे नियम काढले. खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसायचा, हे तत्त्व त्यात आहे. उत्तम. पण त्याच्याकडून पैसे वसूल करायचे तर कोर्टात टिकेल असा नमुना नको का? अधिकार वाढवण्याआधी एक बर्फाची पेटी आणि चार काचेच्या बाटल्या द्या म्हणून लिहा.

जाता जाता, अग्रलेखाशेजारी मडगावच्या सोनसोडो कचरा डेपोच्या २०१९च्या आगीचा फोटो पुन्हा छापलात. पालिकेच्या कचऱ्याचा डोंगर वेगळा आणि कारखान्याच्या तेलाने भिजलेली जमीन वेगळी. छायाचित्रकाराला मडगावबाहेर पाठवायला आपल्याला पेट्रोल परवडत नाही काय?

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, फोंडा