आंटींची महिन्याची मिस्सा

सर्व सभासद भगिनींना नमस्कार.

आपल्या शेजारच्या आंटींची महिन्याची मिस्सा (निधनाला महिना झाल्यावरची प्रार्थना) येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या चर्चमध्ये आहे. घर, चार मुलं आणि रोजचा तेर्स (जपमाळेची प्रार्थना), यांत त्यांचा जन्म गेला. नाताळात दोदोल, नेवऱ्या अशा गोडाचं ताट आधी आपल्या दारी यायचं, वर क्रोशाचा रुमाल. त्यामुळे सगळ्यांनी यायचंच.

- पावणेपाचला चर्चच्या दारात जमावे. चपला काढायची गरज नाही.
- हार-फुले नकोत, मेणबत्ती आणावी.
- क्रिस्तप्रसाद (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) फक्त कॅथलिकांनी घ्यायचा असतो. बाकीच्यांनी जागेवरच बसावे.
- मोबाईल बंद.

मिस्सेनंतर त्यांच्या घरी लादाईन (सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना) आहे. उकडलेले चणे आपले मंडळ देणार. ते भिजवायला कोण घेईल, गुरुवारपर्यंत कळवा.