स्कोप बसवण्याबद्दल, बाबांना

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढ्याशा पिस्तुलाच्या डोक्यावर दुर्बीण बसवलीस, ती धक्क्याने हलत कशी नाही?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि बोलणं राहून गेलं. पण प्रश्न अगदी नेमका होता. या सगळ्या प्रकरणात खरी कसोटी तिथेच आहे, म्हणून सावकाश लिहिते.

आधी आईसाठी. पिस्तूल कुलूपबंद लोखंडी पेटीत असतं, काडतुसं वेगळ्या डब्यात. ग्रीन कार्ड आल्यानंतरच घेतलं, कारण तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला, शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर, इथला अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. परवानाधारक दुकानदाराकडे ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, त्याने तिथूनच पार्श्वभूमी तपासून घेतली, मग हातात दिलं. नेमबाजीच्या रेंजशिवाय ते पेटीबाहेर निघतं ते फक्त साफसफाईला आणि दुरुस्तीला. तिने काळजी करू नये.

आता पिस्तुलाबद्दल, कारण ते तुम्हाला आवडेल असं यंत्र आहे. थॉम्पसन/सेंटर काँटेंडर. वॉरन सेंटर नावाच्या माणसाने १९६०च्या दशकात घराच्या तळघरातल्या वर्कशॉपमध्ये हे डिझाइन उभं केलं. १९६५ मध्ये तो के. डब्ल्यू. थॉम्पसन टूल कंपनीत आला आणि १९६७ मध्ये दोघांची नावं जोडून हे पिस्तूल बाजारात उतरलं. कारखाना तेव्हा इथेच, न्यू हॅम्पशायरमधल्या रॉचेस्टरला होता. टूल कंपनीतून निघालेली वस्तू आहे हे हातात घेतल्यावर कळतं. मॅगझिन नाही, सिलिंडर नाही. ट्रिगर गार्ड मागे ओढला की नळी बिजागरीवर मोडते, एक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, घालायचं, मिटायचं, घोडा चढवायचा, एक बार. पुन्हा पहिल्यापासून. जुन्या फ्रेमचा, म्हणजे मूठ-चापाच्या सांगाड्याचा, गार्ड ओढायला बऱ्यापैकी जोर लागतो. चढवलेला घोडा बार न काढता खाली उतरवला, तर पिस्तूल एकदा उघडून मिटल्याशिवाय तो पुन्हा कामाला येत नाही. पहिल्यांदा हे खटकतं, मग त्यातली सुरक्षितता लक्षात येते.

सगळ्यात सुंदर भाग म्हणजे नळी बदलता येते. पुढच्या लाकडाचे स्क्रू काढायचे, बिजागरीची पिन सरकवायची, नळी हातात. त्याच फ्रेमवर दुसऱ्या मापाची नळी चढते, कारण फ्रेममध्ये रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका लागणारी) आणि सेंटरफायर (मध्यावर ठोका लागणारी) अशा दोन्ही काडतुसांसाठी वेगळ्या फायरिंग पिना आहेत. सिरियल नंबर फ्रेमवर असतो, केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने तेवढीच बंदूक. या अदलाबदलीपायी कंपनीचं आणि सरकारचं भांडण थेट इथल्या सुप्रीम कोर्टात गेलं होतं. कंपनी पिस्तुलासोबत २१ इंची नळी आणि खांद्याला लावायचा दस्ता असा संच विकत होती. सरकारचं म्हणणं, खांद्याचा दस्ता आणि १० इंची नळी एकत्र जोडली तर आखूड रायफल होते आणि तिला वेगळा कर व नोंदणी लागते. १९९२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. म्हणजे नुसती जोडता येते म्हणून ती जोडलीच असं धरता येणार नाही. मला हा निकाल फार पटतो.

माझी नळी १० इंची, अष्टकोनी, .२२ हॉर्नेट या लहान काडतुसाची. जुनी निळी-काळी झाक अजून शाबूत आहे, कडा धारदार आहेत. मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, दोन स्क्रूंवर होती. ती काढली की त्याच दोन भोकांवर स्कोपचा, म्हणजे त्या दुर्बिणीचा, बेस (खालची पट्टी) बसतो. एका ओळखीच्या गनस्मिथने, म्हणजे बंदुकांच्या कारागिराने, सुचवलं की आणखी दोन भोकं पाडून चार स्क्रूंचा बेस लावू, मग निर्धास्त. मी नाही म्हटलं. इतक्या वर्षांच्या नळीला, तेही चेंबरच्या वर, नवीन भोक पाडायचं नाही, हे माझं ठाम मत आहे. चेंबरची भिंत तिथे दाब सोसत असते. आणि पाडलेलं भोक परत भरता येत नाही. काढलेली साइट आणि तिचे मूळ स्क्रू मी तेल लावून पिशवीत ठेवलेत, वर नळीचा नंबर लिहिलाय.

आता तुमचा प्रश्न. स्क्रू आहेत ६-४८, म्हणजे व्यास ०.१३८ इंच, एका सुताहून (१/८ इंचाहून) जरासा जाड, आणि इंचाला ४८ आटे. भोक बंद टोकाचं आणि उथळ, त्यामुळे मोजकेच आटे पकडतात. बार झाला की पिस्तूल मागे उसळतं आणि स्कोप जडत्वाने जागेवरच राहू पाहतो. तो ओढून नेण्याचं काम स्क्रूंचं आहे असं वाटतं. पण स्क्रूच्या दांड्यावर तो भार आला तर दोन स्क्रू फार दिवस टिकणार नाहीत. भार घ्यायला हवा तो बेस आणि नळी यांच्यातल्या घर्षणाने, स्क्रूने फक्त दोघांना आवळून धरायचं. म्हणजे बेसची खालची बाजू नळीच्या सपाट माथ्यावर पूर्ण टेकली पाहिजे. मी तुमच्यासारखंच केलं. प्रशियन ब्लू या निळ्या रंगाचा पातळ थर लावला, बेस ठेवून उचलला आणि ठसा पाहिला. ठसा पुढच्या टोकाला दाट, मागे जवळजवळ नाहीच. काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून बेस त्यावर हलक्या हाताने फिरवला, पुन्हा ब्लू, पुन्हा ठसा, संपूर्ण तळ रंगेपर्यंत. घासायचा तो बेस. नळीला हात लावायचा नाही.

मग स्क्रूची लांबी. इथे लोक फसतात असं गनस्मिथ सांगत होता. स्क्रू एखादा आटा लांब असला की भोकाच्या तळाला टेकतो. हाताला वाटतं घट्ट झाला, प्रत्यक्षात बेस सैलच असतो, आणि जोर लावला तर खालच्या चेंबरच्या भिंतीवर दाब येतो. म्हणून आधी बेसशिवाय नुसता स्क्रू तळापर्यंत फिरवून खोली मोजली, मग बेसची जाडी धरून हिशेब केला. एक स्क्रू अर्ध्या आट्याने कापावा लागला. भोकातलं वर्षानुवर्षांचं तेल ॲसिटोनने काढलं, कारण तेलावर थ्रेडलॉकर, म्हणजे आटे पकडून ठेवणारा गोंद, धरत नाही. निळं थ्रेडलॉकर वापरलं, जे साध्या हत्याराने सुटतं. लाल लावलं तर उद्या सोडवायला नळी तापवावी लागेल. शेवटी टॉर्क रेंचने आवळले. या मापाच्या स्क्रूला १५ ते २० इंच-पाउंड, म्हणजे जवळपास २ न्यूटन-मीटर पुरतात.

हॉर्नेटचा धक्का सौम्य असतो, तेही कारण आहे. हेच पिस्तूल .४४ मॅग्नम या जोरदार काडतुसाच्या नळीने चालवायचं असतं तर दोन स्क्रूंवर मी स्कोप ठेवलाच नसता. आणि म्हणूनच स्कोपही हलका, ठरीव २ पटींचा घेतला. जास्त पटींचा, मोठ्या भिंगाचा घे असं बरेच जण म्हणाले. वजन जितकं जास्त तितकी स्क्रूंवर ओढ जास्त, शिवाय हातभर अंतरावरून बघताना पट वाढवली की दिसणारं वर्तुळ इतकं लहान होतं की निशाण शोधण्यातच वेळ जातो.

हातभर म्हणते ते अक्षरशः. रायफलचा स्कोप डोळ्यापासून तीन-चार इंचांवर धरायचा असतो. पिस्तुलाचा वेगळा बनवतात, तो १२ ते २४ इंचांवरून पूर्ण दिसतो. त्याची नेमकी जागा ठरवायची रीत मला आवडली. स्कोपला बेसवर धरणाऱ्या रिंगा सैल ठेवायच्या, रिकामं पिस्तूल उघडून चेंबर पाहायचं, पुन्हा पाहायचं, मग डोळे मिटून दोन्ही हातांनी आपल्या नेहमीच्या ढबीत धरायचं आणि डोळे उघडायचे. वर्तुळ कडेपर्यंत भरलेलं दिसलं तर जागा बरोबर. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर स्कोप पुढे-मागे सरकवायचा. मान लांबवून जुळवून घ्यायचं नाही.

स्कोपमधली नेमाची फुली सरळ उभी करायला मी ओळंबा वापरला. २५ यार्डांवर दोरीला वजन बांधून सोडलं, नळी काढून व्ही-ब्लॉकवर (इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवली, माथा लेव्हलने सपाट केला आणि फुलीची उभी रेघ दोरीला मिळवली. फुली कलती राहिली तर जवळ कळत नाही, पण लांबच्या निशाणासाठी उंची वाढवली की गोळी बाजूलाही सरकते. नळी व्ही-ब्लॉकवर असतानाच मागून तिच्या आतून बघितलं, वर्तुळात एक पांढरा कागद धरला आणि फुली त्याच कागदावर आणली. नळी फ्रेमवर नाही, त्यामुळे बार होण्याचा प्रश्नच नाही. स्कोप नळीवर बसलेला आहे, फ्रेमवर नाही, म्हणून नळी काढून परत चढवली तरी नेम तिच्यासोबतच राहतो. सेंटरच्या डिझाइनमधली ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते.

रेंजवर मजा वेगळी. रेंजच्या ऑफिसरने रेंज 'थंड', म्हणजे गोळीबार बंद, असल्याचं सांगितलं की सगळ्यांची हत्यारं उघडी, रिकामी, आणि कोणी त्यांना हात लावायचा नाही. मगच कागद लावायला पुढे जायचं. कानावर मफ्स, डोळ्यांवर चष्मा. १० इंची नळीतून हॉर्नेटचा आवाज फार कडक येतो.

पहिला कागद २५ यार्डांवर. नेम सरकवायच्या चकतीवर माझ्या जुन्या स्कोपला क्लिक नाहीत, नुसत्या रेघा आहेत. एक रेघ म्हणजे कोनाचं १ मिनिट, १०० यार्डांवर १.०४७ इंच, म्हणून २५ यार्डांवर पाव इंच. रेघ फिरवल्यावर स्कोपच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं, म्हणजे आतली फुली आपल्या जागी बसते. नाहीतर ती पुढच्या बारच्या धक्क्याने सरकते आणि आपण भलत्याच गोळीवर हिशेब मांडत राहतो. दुर्बिणीची रेषा नळीच्या दीड इंच वर आहे, त्यामुळे १०० यार्डांचा नेम हवा असेल तर २५ यार्डांवर गोळी किंचित खालीच लागू द्यायची.

५० यार्डांवर खरं शिकणं झालं. पिस्तुलाची नळी मुठीच्या वर असते, म्हणून धक्क्याने तोंड वर उचलतं, आणि गोळी नळीत असतानाच ते उचलणं सुरू झालेलं असतं. मूठ घट्ट असेल तर कमी, सैल असेल तर जास्त. म्हणजे कागदावरची उंची नुसत्या मुठीच्या दाबानेही बदलते. वाळूच्या पिशवीवर टेकवायचं ते पुढचं लाकूड, नळी कधीच नाही, आणि लाकूडही दर वेळी त्याच जागी. चाप इतका स्वच्छ सुटतो की दोष त्याच्यावर ढकलता येत नाही. मूठ एकसारखी राहायला लागली तशी पाच गोळ्यांची भोकं इंचभरात यायला लागली. तेव्हा वाटलं, तुम्ही व्हाइसवर उभं राहून मला फाइल धरायला शिकवत होता, खांदा हलवू नकोस, दाब एकसारखा ठेव म्हणायचात, ते इथे लागू पडलं.

या पिस्तुलाला नाव मिळालं ते धातूच्या आकृत्या पाडण्याच्या खेळात. मूळ मेक्सिकोतला. पिस्तुलासाठीची इथली संघटना १९७६ मध्ये झाली. ५० मीटरवर कोंबड्या, १०० वर डुकरं, १५० वर टर्की, २०० वर मेंढे, सगळे पोलादी, नुसते लागून चालत नाही, आडवे झाले पाहिजेत. काही जण पाठीवर झोपून, पिस्तूल पायाच्या कडेला टेकवून नेम धरतात. हॉर्नेटची हलकी गोळी २०० मीटरवरचा मेंढा पाडेल याचा भरवसा नाही, पण मला जवळच्या कोंबड्यांपासून सुरुवात करायची आहे.

आता एक काम तुमच्याकडे. स्कोप एकदा उतरवून पाहिला तर त्याच्या नळकांड्यावर मागच्या रिंगेचा ठसा एका कडेलाच उमटलाय, रेघेसारखा. म्हणजे दोन रिंगा एका अक्षात नाहीत. नळकांड्याचा व्यास १ इंच आहे. लॅपिंगसाठी, म्हणजे पेस्ट लावलेल्या दांड्याने रिंगा आतून घासून एका रेषेत आणायला, दांडा कुठल्या मापाचा घेऊ, बरोबर २५.४ मिलिमीटर की एखादा शतांश कमी? पेस्ट किती ग्रिटची? रिंगा ॲल्युमिनियमच्या आहेत, त्यात कण रुतून बसतील का? आणि रिंगेचा किती भाग चमकला की थांबायचं? तुम्ही बुश बेअरिंगला जसं करायचात तसंच इथे चालेल का, तेही लिहा. हाताने आकृती काढून फोटो पाठवला तर फारच बरं. तोवर मी रिंगा आवळत नाही.

आईला नमस्कार, दादा-वहिनींना सांगा की मुलांची पत्रं मिळाली, उत्तर वेगळं लिहिते.

तुमची
धाकटी