फोन तू आधी ठेवलास म्हणून

अ‍ॅपलटन, विस्कॉन्सिन
नोव्हेंबर २०२५

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू आधी ठेवलास, म्हणून लिहितोय. आई म्हणाली, पुन्हा फोन करू नका, दोघांचेही आवाज चढतात. पत्रात निदान तुला मध्येच तोडता येणार नाही.

तुझ्या डोक्याला लागल्याचा विषय काढायचा नाही असं आईला कबूल केलंय. तेव्हा अमेरिकन फुटबॉलमधल्या रॉजर्सबद्दल, आपल्या त्या जुन्या क्वार्टरबॅकबद्दलच (पास टाकून खेळ चालवणाऱ्याबद्दलच) बोलू.

तुझं म्हणणं असं, की ग्रीन बे, म्हणजे आपले पॅकर्स, सोडले तेव्हाच त्याने थांबायला हवं होतं. चार वेळा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, २०११ च्या फेब्रुवारीतला सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, तोही तुझ्या आताच्या गावाच्या, पिट्सबर्गच्या स्टीलर्सना हरवून. आणि मग न्यूयॉर्कच्या जेट्सकडे जाऊन चौथ्याच प्लेमध्ये टाचेची शीर तुटली. पुढच्या वर्षी जेट्स ५ जिंकले, १२ हरले. आता एक्केचाळिसाव्या वर्षी स्टीलर्सच्या काळ्या-पिवळ्या जर्सीत आपल्याच पॅकर्सकडून ३५-२५ हरला, आणि ते तू स्टेडियममध्ये बसून पाहिलंस. "बाबा, स्वतःची शोभा करून घेतली त्याने," असं म्हणालास.

मला हे पटत नाही. जेट्सच्या त्या पडत्या वर्षातही त्याने २८ टचडाउन, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले, आणि इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याने पकडलेले पास, ११. हरलेल्या संघात हे कोण बघतं? आणि मी काही परका बोलत नाही. २०११ च्या डिसेंबरात तुझ्या नावाने अडीचशे डॉलरचा पॅकर्सचा शेअर घेतलाय, जिन्यात लावलाय. लाभांश नाही, विकता येत नाही, पण मालक तो मालक.

हा वाद या घरात पहिल्यांदा होत नाहीये. तू शाळेत होतास तेव्हा रॉजर्सच्या आधीच्या क्वार्टरबॅकवरून, फार्व्हवरून, हेच झालं होतं. २००८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या जायंट्सविरुद्ध आपण लॅम्बोवर, पॅकर्सच्या मैदानावर होतो, उणे १८ अंश, तुझ्या पापण्यांवर बर्फ. ओव्हरटाइममध्ये त्याचा पास समोरच्याने पकडला, आणि पॅकर म्हणून टाकलेला तो त्याचा शेवटचा पास ठरला. मार्चमध्ये रडत रडत निवृत्त झाला, ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या जेट्सकडून खेळायला तयार! पुढच्या वर्षी तर आपल्या वैऱ्यांच्या, मिनेसोटाच्या जांभळ्या जर्सीत. आमच्या मिलमध्ये मशीनवर माझ्याबरोबर असणाऱ्या एकाने फार्व्हची चार नंबरची जर्सी ब्रेकरूमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. १ नोव्हेंबर २००९ ला फार्व्ह लॅम्बोवर आला तेव्हा गावाने त्याची जी हुर्यो उडवली, ती टीव्हीवरसुद्धा ऐकवत नव्हती. त्याने चार टचडाउन दिले आणि ३८-२६ जिंकून गेला. चाळिसाव्या वर्षी, त्या मोसमात ३३ टचडाउन आणि ७ इंटरसेप्शन. तरुणपणी तरी तो इतका नीट खेळला होता का?

हो, मला माहीत आहे, तू लगेच त्याच मोसमाच्या शेवटचा न्यू ऑर्लिन्सचा सामना काढशील. जिंकत आलेल्या सामन्यात धावता धावता उलट्या बाजूला पास टाकला, पकडला गेला, ओव्हरटाइममध्ये ३१-२८ हरले. म्हातारा चळ म्हणाले लोक. पण तसा पास तो पंचविशीतही टाकायचाच की.

आणि २०१५ च्या जुलैमध्ये काय झालं? सामना नाही, काही नाही, नुसता सत्काराचा कार्यक्रम, आणि लॅम्बोवर ६७,००० माणसं. आई आणि मीही होतो. तो कचऱ्यात जर्सी टाकणाराही होता, नवी कोरी जर्सी घालून. लोकांचा राग त्याच्या वयावर नव्हताच, जांभळ्या रंगावर होता. सोडून गेल्याचा राग. तो निवतो.

त्याच्या नावाला जे खरोखर लागलं, ते मैदानाबाहेरचं आहे. मिसिसिपीत गरिबांच्या मदतीच्या निधीतले ११ लाख डॉलर त्याच्याकडे गेले. त्याने ते परत केले, फौजदारी आरोप कुणी ठेवलेला नाही, तरी आज त्याचं नाव निघालं की लोक आधी हेच काढतात. जेट्सकडचं ते एक वर्ष कुणाला आठवतं?

तुझा आजा गावसकरचं उदाहरण द्यायचा, वेळेवर थांबण्याचं. १९८७ च्या मार्चमध्ये बंगळुरूला पाकिस्तानविरुद्ध ९६, फिरणाऱ्या खेळपट्टीवर, आणि कसोटी संपली. वा! पण अण्णा हे सांगायचे नाहीत की त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला आम्ही बल्लारपूरहून पहाटेच्या गाडीने नागपूरला गेलो होतो, वर्ल्ड कपचा न्यूझीलंडविरुद्धचा सामना बघायला. अंगात ताप असताना, अडतिसाव्या वर्षी, गावसकरने वनडेतलं आयुष्यातलं पहिलं आणि एकमेव शतक ठोकलं. नाबाद १०३. त्यानंतर तो भारताकडून एकच सामना खेळला, वानखेडेवरची सेमीफायनल, आणि ४ धावांवर त्रिफळा. आता सांग, त्याने बंगळुरूलाच सगळं संपवायला हवं होतं का? मग आम्ही नागपूरला काय बघितलं असतं? अण्णा त्या दिवशी अनोळखी माणसाच्या गळ्यात पडले होते. माझ्या कधी पडले नाहीत.

असो. अण्णा गेले तेव्हा मी इथे नाइट शिफ्टला होतो, ते तुला माहीत आहे. म्हणून २००३ च्या डिसेंबरातली ती सोमवारची रात्र मला अजून लख्ख आठवते. फार्व्हचे वडील आदल्या दिवशी गेले, आणि हा ओकलंडला उभा राहून ३९९ यार्डांचे पास आणि चार टचडाउन. तू बारा वर्षांचा, दुसऱ्या दिवशी शाळा, तरी आईने झोपायला पिटाळलं नाही. तू मला विचारलंस, "बाबा, तुम्ही रडताय का?" मी म्हटलं, सर्दी झालीय.

आता तिकडे येतोच आहे तर लिहून टाकतो, आईने वाचलं तर वाचलं.

२० डिसेंबर २०१०. मिनियापोलिसच्या स्टेडियमचं छत बर्फाने कोसळलेलं, म्हणून सामना विद्यापीठाच्या उघड्या मैदानावर. जमीन गोठून दगड झालेली. शिकागोच्या एका पोराने फार्व्हला उचलून आपटलं आणि तो हललाच नाही. तू मॅडिसनहून सुट्टीला आला होतास, सोफ्यावर आडवा होतास, आणि म्हणालास, "उठेल आता." उठला, पण पुन्हा कधी खेळला नाही. सलग २९७ सामने सुरुवातीपासून खेळलेला माणूस. आणि गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनला खासदारांच्या समितीसमोर बसून त्याने सांगितलं की मला पार्किन्सन झालाय. डोक्याच्या मारामुळेच झाला असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि मी फार्व्हचा विचार करत नव्हतो.

तू पिट्सबर्गच्या ब्लूमफील्डमध्ये राहतोस. १९५५ मध्ये स्टीलर्सनी काढून टाकल्यावर क्वार्टरबॅक जॉनी युनायटस तिथल्याच अर्धव्यावसायिक संघात खेळायचा, एका सामन्याचे सहा डॉलर. पुढे बाल्टिमोरचा देव झाला. शेवटी १९७३ मध्ये चाळिशीत सॅन डिएगोकडून खेळला आणि वाईट खेळला. तुझ्या हिशेबाने हे सगळ्यात मोठं डागाळणं. पण सॅन डिएगो विसरले सगळे. राहिला तो त्याचा उजवा हात. म्हातारपणी त्या हाताची बोटं चालेनात, गोल्फची काठी पट्ट्याने हाताला बांधायचा. ज्या हाताने आयुष्यभर पास टाकले, तो हात!

त्याला सहा डॉलर तरी मिळायचे, निनाद. तुमच्या रग्बी क्लबात उलट तूच वर्गणी भरतोस.

सप्टेंबरमध्ये तुझं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटलं, हे मला सईने सांगितलं, तू नाही. नंतर ओवीला शाळेतून आणायला गेलास आणि गाडी कुठे लावली ते आठवेना, हेही तिनेच. तिच्यावर चिडू नकोस, मी खोदून खोदून विचारलं. आणि आता तू वसंतात पुन्हा उतरणार म्हणतोस. चौतीस हे वय नाही, बाळा. संसार आहे, घराचे हप्ते आहेत, मुलीला अजून पोहायला शिकवायचंय. माणसाने स्वतःच्या शरीराशी असं... बरं, पुरे. भाषण झालं. आई म्हणते माझं कुठलंही पत्र तिसऱ्या पानावर कीर्तन होतं. माफ कर.

फोनवर तू म्हणालास, "दुसऱ्याच्या मुलाने पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळलं तर तुम्ही टाळ्या वाजवणार, आणि मी मात्र थांबायचं." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता लिहितो: हो, तसंच आहे. रॉजर्सने हवं तितकं खेळावं, मी बघेन, त्याच्या नावाला काही होत नाही. तुझ्या नावाचीही मला काळजी नाही.

सईने व्हिडिओ पाठवला होता, ऑगस्टचा. पावसात, चिखलात, शेवटच्या मिनिटाला बाकीचे कंबरेवर हात ठेवून उभे, आणि तू एकटा त्या उंच माणसामागे धावतोयस. पकडलासही. मी तो मिलमधल्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला. आईला सांगू नकोस. सगळ्यांनी विचारलं, हा कोण? मी लिहिलं, माझा मुलगा.

बाकी ठीक. आईचा गुडघा तसाच आहे. ड्राइव्हवेचा बर्फ यंदा शेजारचा मुलगा काढून देतो, त्यामुळे त्या बाबतीत मला उपदेश नको. तिळाच्या वड्या नाताळला तुम्ही आलात की करू म्हणते, पोस्टाने चुरा होतो. ओवीसाठी हिरवा-पिवळा स्वेटर विणून झालाय. तिला तिथल्या काळ्या-पिवळ्याची सवय लागायच्या आत पाठवतोय.

डॉक्टरांकडची तारीख अजून घेतली नसशील तर याच आठवड्यात घे, आणि मला नको, सईला कळव. मी तिला विचारेन.

तुझा,
बाबा