ती ओवी मोत्यांची नाही, मिलोची आहे

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला जात्यावरच्या ओव्यांचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. ‘शेकडो वर्षांची पारंपरिक ओवी’ म्हणून जी छापली आहे, ती माझ्या आईची आहे. छापलीही चुकीची. आई म्हणायची ती अशी :

लाल मिलोचं दळण, सूप भरंना भरंना
इठ्ठला, औंदा तुझी एकादशी सरंना

तुम्ही ‘लाल मोत्यांचं’ छापलंत आणि लेखकाला त्यात भक्तीत न्हालेली बाई दिसली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळायची. मी तेव्हा आठ वर्षांची. आई दिवसभर खडी फोडायची. गिरणीला पैसे नसत, म्हणून पहाटे जात्यावर बसायची. घरात रोजच उपास, म्हणून एकादशी सरंना. ती विठ्ठलाशी भांडत होती. आणि खरी एकादशी आली की त्या दिवशी मिलोच्या भाकरीलाही हात लावत नव्हती. हे लेखकाला कसं कळावं? त्यासाठी तिच्यापाशी बसायला हवं होतं.

बारा-पंधरा वर्षांपूर्वी एका कार्यक्रमासाठी ओव्या गोळा करायला माणसं गावात आली होती. आईने तासभर म्हणून दाखवल्या. त्यांनी टेप केल्या, चहा घेतला, नाव विचारलं नाही. मिलोचे मोती तिथेच कुठेतरी झाले असणार.

सोपानदेवांनी लिहून ठेवलं नसतं, तर बहिणाबाई चौधरींची गाणीही आज पारंपरिकच ठरली असती. सगळ्यांच्या पोटी सोपानदेव येत नाहीत. पण हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी लाखावर ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या बायांच्या नावागावासकट. म्हणजे ठरवलं तर करता येतं.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोत दोघी हसत दळताहेत आणि जात्याला खुंटाच नाही. निदान फोटो तरी पाहून छापावा.

आईचं नाव आणि गाव सोबतच्या कागदावर लिहिलं आहे. येत्या रविवारी दुरुस्ती त्या नावासह छापावी, ‘इठ्ठला’चं ‘विठ्ठला’ करू नये. आईने ऐंशी ओलांडली आहे. लेख तिला अजून वाचून दाखवलेला नाही. दुरुस्ती आली की दोन्ही एकदमच वाचून दाखवीन.

आपली,
एक वाचक, बार्शी