मोफत विजेचा पैसा कोळशात का जिरावा?

संपादक महोदय,

शेतीपंपांच्या मोफत विजेचा विषय निघाला की एकजण म्हणतो ‘फुकट देणे बंद करा’, दुसरा म्हणतो ‘शेतकऱ्याला हात लावू नका’. मी पाच एचपीच्या मोटारीवर ऊस-कांदा करणारा शेतकरी आहे आणि या सवलतीचा लाभ घेतो. सवलत काढू नये, पण तिचा पैसा चुकीच्या ठिकाणी जातो आहे, हे मला कळकळीने सांगायचे आहे.

एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. लाभार्थी सुमारे ४४ लाख, खर्च वर्षाला १४,७६० कोटी रुपये. हा पैसा बिलापोटी महावितरणकडे जातो, आणि राज्याची वीज अजून मुख्यतः चंद्रपूर, कोराडी, परळी अशा केंद्रांत कोळसा जाळूनच होते. म्हणजे अनुदान शेतकऱ्याच्या नावावर आणि जळतो कोळसा. त्याची राख चंद्रपूरकरांच्या छातीत जाते. हवामान बिघडले की पहिला फटका बसतो तो काढणीला आलेल्या आमच्याच पिकाला.

एवढे करून पंपाला लागणारी थ्री फेज वीज येते ती अनेकदा रात्री. जुन्नर-आंबेगावात रात्री दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, गेलेला माणूस परत येईपर्यंत बिबट्याच्या धास्तीने घरात कुणाचा डोळा लागत नाही. आम्हाला दिवसाची, खात्रीची वीज हवी आहे.

तिची वाट सरकारनेच काढली आहे. सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये वीज उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या वाहिन्या, दिवसा चालवायचे आहेत, उद्दिष्ट १६,००० मेगावॅट. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरूही झाला. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. साऱ्या योजनेची गुंतवणूक अंदाजे ६५,००० कोटींची, तर मोफत विजेचा पाच वर्षांचा खर्च ७३,८०० कोटी. सौर प्रकल्प पंचवीस वर्षे चालतो, कोळसा मात्र रोज विकत आणावा लागतो.

अडचण मोजमापाची आहे. लाखो पंपांना मीटरच नाही, बिल मोटारीच्या एचपीवर निघते. त्यामुळे शेतीच्या नावाखाली किती गळती आणि चोरी लपते, कोण सांगणार? निदान प्रत्येक फीडरचा वापर दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. मीटर म्हटले की आमच्यातले काहीजण बिचकतात, पण आकडा उघड झाला तर आपलीच बाजू भक्कम होईल.

सौर विजेमुळे अनुदानात वाचलेला पैसा कुठे जाणार, हेही आधी ठरायला हवे. २०१० मध्ये स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या करभरपाईकडे वळला. तसे पुन्हा नको. जो फीडर सौर होईल, त्यामागे वाचणारे अनुदान त्याच तालुक्यातल्या ठिबकसाठी, जुन्या तारा आणि वारंवार जळणाऱ्या डीप्यांसाठी (ट्रान्सफॉर्मरसाठी) राखून ठेवा. डिझेलचे अनुदान जानेवारी २०१३ पासून महिन्याला सुमारे ५० पैशांनी दर वाढवत ऑक्टोबर २०१४ मध्ये संपवले गेले. टप्प्याटप्प्याने, आधी सांगून केलेला बदल लोक स्वीकारतात.

मोफत वीज योजनेचा तीन वर्षांनी आढावा घ्यायचा, असे ठरले आहे. तो बंद दाराआड न घेता फीडरनिहाय आकड्यांसह लोकांसमोर ठेवावा, ही विनंती.

– एक शेतकरी वाचक, ता. जुन्नर, जि. पुणे