पाच पुस्तकं, साक्षीदार एकच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांनी, म्हणजे गडांवरच्या पिढीजात शिबंदीनं, १८४४ साली केलेल्या बंडावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यातल्या हकिकतीची 'सर्व ग्रंथांत एकमुखाने नोंद आहे' असं लेखक म्हणतात. याच बंडावर प्रबंध लिहायला घेतला तेव्हा माझीही गत तीच होती. करवीर नगर वाचन मंदिरात पाच पुस्तकं काढली, पाचही जुळली, मी खूश. सरांनी एवढंच विचारलं, "यांनी कुठनं घेतलं?" तळटीपा धरून मागं जात राहिलो, तर पाचही वाटा मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या कोल्हापूर खंडाशी (१८८६) येऊन मिळाल्या. त्या खंडाच्या पाठीशी मेजर ग्रॅहमचा १८५४ चा अहवाल. ग्रॅहम कोण, तर कंपनी सरकारचा अधिकारी. म्हणजे साक्षीदार एकच, तोही फिर्यादीच्या घरचा.

ग्रॅहम टाकाऊ नाही. सामानगड १३ ऑक्टोबरला पडला, पन्हाळा १ डिसेंबरला. असल्या तारखांत त्याला खोटं बोलायचं कारण नव्हतं. कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्याला बंडवाल्यांनी पकडून पन्हाळ्यावर कोंडलं, ही स्वतःची नामुष्कीही इंग्रजांनी लपवलेली नाही. पण गडकरी उठले का, हे त्यांच्या तोंडून ऐकताना जपून. गडांचा मामलेदार वेगळा, मुलखाचा वेगळा, ही जुनी पद्धत संस्थानचे कारभारी दाजी कृष्ण पंडित यांच्या काळात मोडली. सरकारच्या लेखी ती सुधारणा. गडावर चाकरी करून जमीन खाणाऱ्याला त्यात काय दिसलं, ते त्याच्याच कागदांत शोधायला हवं, आणि ते कागद मोडीत आहेत.

मोडी कागद हाती आला म्हणजे जिंकलो, असंही नव्हे. गडहिंग्लजकडच्या एका घरात गडावर न्यायच्या दाणागोट्याची एक याद, म्हणजे यादी, मिळाली. महिना रमजान, साल 'खमस अर्बैन मयातैन व अलफ', म्हणजे सुहुर सन १२४५. (जुन्या मराठी कागदांतली ही कालगणना; आकडा अरबी शब्दांत लिहितात.) इसवी सन काढायला मी सरसकट ६०० मिळवले आणि १८४५ लिहून मोकळा झालो. गड पडून वर्ष होत आलं तरी आमची शिबंदी आपली वर दाणे नेतेय! पण हे वर्ष जूनच्या सुमारास, मृगाला बदलतं; म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, पुढं जानेवारीपासून ६००. त्या वर्षी रमजान सप्टेंबरच्या मध्याला लागला होता. याद १८४४ चीच, गड पडायच्या आधीची. प्रकरण छापलं गेलं नव्हतं, हे नशीब.

मुंबईच्या पुराभिलेखागारात पोलिटिकल डिपार्टमेंटचे खंड निदान सूचीवरून मागता येतात. जवळच्याच एका दप्तरात मला रुमालाचा, म्हणजे कागदांच्या गाठोड्याचा, नंबर विचारला. नंबर सूचीत, आणि सूचीची पानं गहाळ. तीन खेपा झाल्या.

तेव्हा आपल्याला विनंती, असे लेख छापताना मजकूर मुळात कुठल्या कागदावरून आला ते एका ओळीत द्यावं. आणि सामानगड, भुदरगड, पन्हाळ्याच्या परिसरातल्या जुन्या गडकरी घराण्यांना आपल्या पत्रातून सांगावंसं वाटतं : कागद आम्हाला देऊ नका, घरीच ठेवा. फक्त खिडकीच्या उजेडात मोबाईलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंचे. पाठ कोरी वाटली तरी काढाच; पोचल्याची नोंद बरेचदा तिथंच एका कोपऱ्यात असते.

– एक संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर