मॅग्नेशियमच्या लेखात किडनी राहूनच गेली

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत शुगरवाल्यांना मॅग्नेशियम कमी पडतं, त्यांनी ते घ्यावं असा लेख आला होता, मी दोनदा वाचला, चांगला आहे पण त्यात किडनीचा 'क' सुद्धा नाही म्हणून लिहायला बसलो. मी डॉक्टर नाही, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर आहे, शुगर 14 वर्षापासून. पण ही गोळी मी खाऊन बसलेलो आहे.

झालं असं की मागच्या उन्हाळ्यात रात्री पोटऱ्यात गोळे यायला लागले, असे की झोपेतून उठून भिंतीला धरून उभं रहावं लागायचं. शेजारचे पाव्हणे म्हणले मॅग्नेशियम घ्या, मोबाईलवर सगळे तेच सांगायलेत, गोळे बी जातात अन शुगर बी उतरते. मेडिकलवर गेलो, त्यानं काही विचारलं नाही, 60 गोळ्यांची डबी हातात ठेवली. डबीवर रोज एक लिहिलेलं, मी म्हणलं दोन घेतल्या तर लवकर गुण येईल. चौथ्या दिवशी परभणीला निघालो अन झरीच्या अलीकडं पोटात अशी कळ आली की गाडी थांबवायला लावली. 31 वर्षं नोकरी केली, पाशिंजरसाठी किती वेळा बेल मारली असेल पण स्वतःसाठी पहिल्यांदाच, त्यात ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं डेपोभर केलं. भाची नर्स आहे, ती हसायलाच लागली, मामा पोट साफ व्हायला ते दुधासारखं पांढरं औषध देतात ना ते पण मॅग्नेशियमचंच असतं मग दुसरं काय होणार होतं.

तिनंच डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं पहिला प्रश्न केला की क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ताची तपासणी) शेवटचं कधी केलं. मला आठवेना. जास्तीचं मॅग्नेशियम अंगाबाहेर टाकायचं काम किडनीचं असतं, अन शुगरनं आधी किडनीलाच हात घातलेला असला तर ते रक्तात साठत जातं, मग अशक्तपणा, बीपी पडणं, नाडी मंद होणं, लईच वाढलं तर हार्टवर येतं. आता बगा, शुगरवाल्याची किडनी खराब व्हायला लागली तरी सुरवातीला काहीच कळत नाही, ना दुखत ना खुपत. म्हणून क्रिएटिनिन अन लघवीतलं अल्ब्युमिन (प्रोटीन) वर्षातून एकदा तरी बघायचं असतं. आमच्या गल्लीत शुगरचे आठ-नऊ जण आहेत, त्यातल्या दोघांनीच केलेलं निघालं अन मॅग्नेशियम मात्र पाच जण घ्यायलेत!

माझी किडनी ठीक निघाली, नशीब. पण रक्तातलं मॅग्नेशियम 1.3 आलं, असायला पाहिजे साधारण 1.7 च्या वर. म्हणजे कमी होतंच, लेखवाले बरोबर होते. तर मग कमी का झालं? डॉक्टरनं चालू गोळ्यांची सगळी पाकिटं टेबलवर काढायला लावली, त्यात ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची कॅप्सूल होती, ड्युटीच्या काळात कुणीतरी पंधरा दिवसासाठी लिहून दिलेली, मी सहा वर्षं खात होतो, कुणी बंद कर म्हणलंच नाही. ती कॅप्सूल लई दिवस घेतली की मॅग्नेशियम उतरतं. अमेरिकेच्या औषध खात्यानं 2011 मधेच तसा इशारा दिलेला, अन त्यांनी पाहिलेल्या पेशंटपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला नुसत्या मॅग्नेशियमच्या गोळीनं फरक पडला नव्हता, ॲसिडिटीची गोळीच बंद करावी लागली होती. माझी डॉक्टरनं बंद केली, तीन महिन्यानं 1.8 आलं. (आपल्या मनानं बंद करू नका, हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर ती कॅप्सूल मुद्दाम दिलेली असू शकते.) गोळे कमी झाले, पण ते त्याच्यामुळंच का, हे डॉक्टर बी ठामपणे म्हणले नाहीत. आणखी एक, अंगातल्या मॅग्नेशियमपैकी रक्तात शंभरातला एकच भाग असतो, बाकी हाडात अन मांसात, त्यामुळं रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे सगळं भरलेलं आहे असं पण नाही.

दुसरं म्हणजे शुगर वाढलेली असली की लघवी जास्त होते अन त्यातून मॅग्नेशियम बी वाहून जातं, अन ते कमी पडलं की इन्सुलिनचं काम आणखी ढिलं पडतं. शुगर 300 ला ठेवून वरून गोळ्या खाणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतणं, अन पाण्याची किंमत आपल्याकडच्या माणसाला काय सांगायची. कमतरता नसताना शुगर उतरवायला ही गोळी घ्या असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशन पण म्हणत नाही.

खाण्याचं लेखात बदाम अन ॲव्होकॅडो होतं, ते जिंतूरच्या बाजारात कुठं शोधू? आपल्या 100 ग्रॅम ज्वारीत 125-150 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, पॉलिशच्या तांदळात 20-25. तीळ अन जवसात तर 300 च्या वर. भाकरी, जवसाची चटणी, पालेभाजी, हे ताटात होतंच की आपल्या, आपणच हॉटेलच्या मैद्यापायी सोडलं. भाकरीनं पण शुगर वाढते हं, चार-चार चोपायच्या नाहीत.

तर साहेब पुढच्या रविवारी एवढं छापा, लेखाएवढ्याच मोठ्या अक्षरात: मॅग्नेशियम घ्यायच्या आधी क्रिएटिनिन, अन चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरला दाखवणे. थायरॉईडची गोळी असली तर दोन्हीत चार तासाचं अंतर, हे पण टाका, आमच्या घरच्यांना माहीतच नव्हतं, त्या दोन्ही सोबतच घ्यायच्या.

माझ्या डबीत 52 गोळ्या उरल्यात, मेडिकलवाला परत घेईना.

आपला जुना वाचक,
जिंतूर, जि. परभणी